चारी चाकं सारखी

शहापूरच्या बाजारात एका पायात चप्पल आणि दुसरा पाय उघडा अशा थाटात कुणी चालताना दिसलं, तर नवख्या माणसाला वाटायचं की बिचाऱ्याची चप्पल तुटली. जुन्यांना कळायचं की उस्ताद आत्ताच गाडीतून उतरलेत. गाडी चालवताना त्यांना उजव्या पायात काही चालत नसे. ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात ते फक्त उजवी चप्पल काढून ठेवत, आणि परत आल्यावर चहा पिऊन, पोस्टात जाऊन, दोन-चार लोकांशी भांडून झालं की कधीतरी त्यांना तिची आठवण होई. मी नोकरीला नवी होते तेव्हा ती एकुलती चप्पल कुणी टाकून दिलीय असं समजून दोनदा झाडून बाहेर लोटली होती. दोन्ही वेळा बोलणी खाल्ली.

"पायाला पेडल कळलं पायजे गो बाय," ते म्हणाले होते. "चामड्यातनं काय कळतंय?"

मला तेव्हा पेडलही माहीत नव्हतं. मी किन्हवलीहून एसटीनं यायची, बारावी झालेली होते, आणि एका भातगिरणीवाल्या शेटनी जोडधंदा म्हणून काढलेल्या त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकाऊ लोकांची कागदपत्रं करायची. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. उस्तादांना खरं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कुणाच्या तोंडी येई. सापगावचे राहणारे, बौद्धवाड्यातले. वडील रेल्वेत गँगमन, आणि हे मुंबईकडच्या एका मोटारीच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर. नवीन गाडी बाहेर पडली की ती पळवून पाहायची, कुठं काय खडखडतंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. पुढं कारखान्यानं माणसं कमी केली, त्यांत हे घरी आले. "कंपनीत होतो तेव्हा" या शब्दांनी त्यांचं निम्मं बोलणं सुरू व्हायचं आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसू दाबायचो.

शेटकडून त्यांनी एक गोष्ट हट्टानं करून घेतली होती. शाळेच्या दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या, एकाच रंगाच्या. शेटना एक छोटी आणि एक मोठी घ्यायची होती. उस्ताद म्हणाले, मग दुसरा माणूस बघा. दोन्ही सारख्या आणल्यावरही त्यांचं समाधान होईना. दर काही दिवसांनी ते एकीचे टायर काढून दुसरीला लावत, दुसरीचे पहिलीला, म्हणजे झीजसुद्धा सारखी झाली पाहिजे. एकीत तेल बदललं की दुसरीत बदललंच. शेट कपाळाला हात लावत. मी एकदा विचारलं, हा सगळा खटाटोप कशाला?

"गाडी सारखी असली म्हंजे मानूस दिसतो," उस्ताद म्हणाले. "एकाला चांगली दिली, एकाला खटारा, तर कोन चांगला कसं कळनार? गाडी सारखी कर, मग जो फरक दिसंल तो चालवनाऱ्याचा."

हे त्यांचं आवडतं मत. गाडीत काही बिघाड आहे असं एखादा शिकाऊ म्हणाला की त्याची धडगत नसे. "शेजारची बघ. तीच गाडी हाय. ती कशी चालती?" एवढं बोलून ते खिशातल्या शेंगा काढत. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा त्यांच्या खिशात कायम असत आणि त्यांतली एकही त्यांनी कधी कुणाला दिली नाही. फुकट मागणाऱ्याला सांगत, बाजारात ढीग पडलाय.

पण त्यांची खरी ख्याती वेगळ्याच कारणानं होती. शिकाऊ माणूस फेरी मारून आला, गाडी थांबली, की उस्ताद उतरायचे, वाकायचे, आणि चारी चाकांवरून हाताची उलटी बाजू फिरवायचे. आई पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघते तसं. ब्रेकवर पाय आपटणाऱ्याची पुढची चाकं जास्त तापतात, वळणावर गाडी फेकणाऱ्याची एका बाजूची तापतात, असं त्यांचं शास्त्र. गाडीत शेजारी बसून त्यांनी सगळं पाहिलेलं असायचंच, तरी चाकांना हात लावल्याशिवाय ते निकाल देत नसत. डोळे फसवतात म्हणायचे. जोडीची, म्हणजे डावी-उजवी, चाकं हाताला सारखी लागली की "सारखी" एवढा एकच शब्द. तो ऐकायला लोक महिना महिना घालवत. आमच्याकडचे एक सरपंच आपल्या मुलाला घेऊन आले होते, मुलगा गाडी जोरात पळवायचा म्हणून बापाला भारी कौतुक. उस्तादांनी चाकांना हात लावला, चटका बसल्यासारखा काढला आणि पोराला म्हणाले, "तू मागं बसत जा. मागं बसून हात हालवायला तू बेस." सरपंचांनी पुढं आठ दिवस शेटशी बोलणं टाकलं.

मीही त्यांच्याकडेच शिकले. शेवटच्या दिवशी त्यांनी चाकांना हात लावला, जरा विचार केला आणि म्हणाले, "चालंल." मी घरी जाऊन सांगितलं तर आई म्हणाली, एवढंच? तिला काय सांगणार. त्यानंतर बायकांना शिकवायचं काम शेटनी माझ्याकडे दिलं.

दिनेशला उस्तादांनी कसं हेरलं ती गोष्ट मुरबाडच्या जीपस्टँडवर बरीच वर्षं सांगितली जायची. दिनेश वैशाखऱ्याचा. मामाची सवारीची जीप चालवायचा, मुरबाड ते माळशेजच्या पायथ्यापर्यंत. सवारीच्या जीपमध्ये किती माणसं कोंबतात ते आमच्या भागातल्या कुणाला सांगायला नको. उस्ताद कुणाच्या तरी लग्नाहून परत येताना त्या जीपमध्ये मागं अडकून बसले होते. मुरबाडला उतरले ते सरळ चाकांकडे. चारी चाकांना हात लावला. मग पुन्हा एकदा लावला. एवढी माणसं, त्यात एका बाजूला दोन पोती तांदूळ लटकावलेला, आणि तरी जोडीची चाकं सारखी.

"कोनाकडं शिकला रे?" त्यांनी विचारलं.

"कोनाकडं नाय," दिनेश म्हणाला. "आपलाच."

"उद्यापासनं शहापूरला यायचं."

"कशाला? मला येती की गाडी."

"म्हनूनच."

तो आला. दर सोमवारी यायचा, जीप मामाच्या हवाली करून. बारीक अंगाचा, गप्प पोरगा, वय विशीच्या थोडं पुढं. उस्तादांनी पहिले कित्येक सोमवार त्याला गाडीला हात लावू दिला नाही. धरणाकडे जाणारा एक रिकामा डांबरी रस्ता होता, त्यावरून त्याला चालत नेलं. वळण कुठं सुरू होतं, उतार कुठं बाहेरच्या अंगाला आहे, खडी कुठं सुटलीय, हे पायानं तपासायचं. दोघंही उजवा पाय उघडा टाकून चालायचे. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे आणि मी गाडीत बसून तोंडाला पदर लावून हसायची.

मग एके दिवशी दोन्ही गाड्या नेल्या. एकीत दिनेश, दुसरीत मी उस्तादांना घेऊन मागं. धरणाच्या भिंतीपर्यंत जायचं, वळायचं, यायचं. मग गाड्या बदलायच्या आणि पुन्हा तेच. मी काही वाईट चालवत नाही, पण पहिल्याच वळणानंतर त्याची गाडी दिसेनाशी झाली. तो जोरात चाललाय असं वाटतच नव्हतं. टायर वाजत नव्हते, धूळ उडत नव्हती. नुसता तो पुढं होता आणि मी मागं. रस्त्याच्या टोकाला तो आमची वाट बघत उभा होता, गाडीला टेकून. उस्ताद उतरले, वाकले, चारी चाकं पाहिली. मग खिशात हात घातला आणि मूठभर शेंगा काढून दिनेशच्या हातावर ठेवल्या.

मी तोवर त्यांना शेंग देताना पाहिलं नव्हतं. मला माझ्या "चालंल"ची आठवण झाली आणि खरं सांगते, पोटात दुखलं.

त्याच सुमारास शेटच्या फोनवर उस्तादांसाठी फोन आला. कंपनीतले त्यांचे जुने साहेब आता मोटारींच्या शर्यती भरवणाऱ्या लोकांबरोबर काम करत होते. दक्षिणेकडे एका ट्रॅकवर नवी शर्यत सुरू होणार होती. सगळ्या गाड्या एकाच बनावटीच्या, दोन माणसांच्या, बुटक्या, शर्यतीसाठीच केलेल्या. त्यासाठी नवी पोरं निवडायची होती. ज्याची निवड होईल त्याला वर्षभर गाडी, टायर, पेट्रोल सगळं कंपनीकडून. निवडणाऱ्या तिघांत एक म्हणून त्यांनी उस्तादांना बोलावलं होतं. आणि तुमच्याकडं कुणी पोरगा असेल तर त्यालाही घेऊन या, असंही ते म्हणाले.

उस्ताद त्या दिवशी दोन्ही चपला घालून घरी गेले. मला म्हणाले, "माझ्या या दोन गाड्यांचीच गोष्ट हाय गो. सगळ्या गाड्या सारख्या. आता मानूस दिसंल." असा आनंद मी त्यांच्या तोंडावर पुन्हा पाहिला नाही. दिनेशच्या मामानं कुरकुर केली, पण आईनं कडबोळी करून दिली. वय पाहता त्याला हीच एक संधी होती, पुढल्या वर्षी तो वयात बसणार नव्हता. उस्तादांनी कल्याणला जाऊन काळे बूट घेतले. मी म्हटलं, उस्ताद, दोन्ही पायांत? तर म्हणाले, "तिथं खुर्चीवर बसायचंय मला."

आठवड्यानं दोघं परत आले. मी कल्याण स्टेशनावरच गेले होते, हार वगैरे काही नाही, पण पेढे होते पिशवीत. दिनेश पुढं आला, म्हणाला, "नाय झालं, ताई." आणि हसला. उस्ताद त्याच्या मागं होते, ते माझ्याकडे न बघता पुढं चालू लागले. एसटीत मी विचारलं, काय कमी पडलं? दिनेशनंच उत्तर दिलं.

"पाय कच्चा हाय माझा. उस्ताद बोल्ले."

मी उस्तादांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. ज्याच्या पायासाठी त्यांनी शेंगा दिल्या, तो पाय कच्चा? पण त्यांचा निकाल होता, आणि त्यांचा निकाल चुकलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता. पेढे तसेच पिशवीत राहिले. दुसऱ्या दिवशी शेटच्या गिरणीवर वाटून टाकले.

दिनेश पुन्हा जीपवर गेला. सोमवारचं येणं बंद झालं. मुरबाडच्या स्टँडवर त्याची चेष्टा व्हायची, रेसवाला आला, रेसवाला आला, अशी. त्यावर तो स्वतःच म्हणायचा, "पाय कच्चा ना आपला, सावकाश जाऊ." आणि खरंच सावकाश जायचा. इतका सावकाश की मागचे जीपवाले हॉर्न मारून पुढं जायचे. त्यानं पायात बूट घालायला सुरुवात केली होती. आधी उजवा पाय उघडा टाकून चालवायचा तो.

आणि उस्तादांनी एक नवीन खूळ धरलं. दर रविवारी सकाळी सापगावहून निघायचे, मुरबाडला जायचे, दिनेशच्या जीपमध्ये पुढं बसायचे, वैशाखऱ्यापर्यंत जायचे आणि त्याच जीपनं परत. तिथं त्यांचं कुणी नव्हतं. दिनेश पैसे घेत नसे तर ते सीटवर ठेवून उतरायचे. उतरल्यावर चारी चाकांना हात. "सारखी," म्हणायचे आणि चालू लागायचे. दिनेशला वाटायचं, म्हाताऱ्याला सवय आहे. मलाही तसंच वाटलं. अशी दोन-तीन वर्षं गेली.

शाळेत मात्र ते बदलले होते. शिकाऊ म्हणाला की गाडी ओढतेय, तर आधीसारखं "शेजारची बघ" म्हणत नसत. मुकाट्यानं उतरत आणि चाक खोलून बघत. सगळी चाकं. बघून झालं की तिथंच जमिनीवर बसून राहत. एकदा असंच एक चाक खोललं, काही निघालं नाही, शिकाऊ मुलगा कंटाळून घरी गेला, आणि आम्ही दोघं सापगावच्या पुलाजवळ सावलीत बसलो होतो. मी वैतागले होते. म्हटलं, उस्ताद, तुम्हाला झालंय काय? गाडी सारखीच असते ना?

त्यांनी हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं. मग सांगितलं. मी विचारलं नसतं तर बहुतेक कधीच सांगितलं नसतं.

तिथं त्यांना पांढरा कोट दिला होता, छातीवर बिल्ला, आणि ट्रॅककडेला उंच माचीवर खुर्ची. दोन्ही बाजूंना इंग्रजी बोलणारे साहेब लोक. गाडी आली की खाली मिस्त्री धावायचे, मळके डगले घातलेले, वाकून चाकं बघायचे. "आयुष्यभर मी तेच केलंय गो," उस्ताद म्हणाले. "माझ्या बापानं रुळावर वाकून केलं, मी चाकाखाली वाकून. तिथं पयल्यांदा कोनी वर बसवलं. वाटलं, आता खाली उतरलो, चाकाला हात लावला, तर हे लोक बोलतील, हा मिस्त्रीच हाय."

दिनेश सकाळी धावला. घड्याळात मागं पडला, फार नाही, थोडाच. फेरी संपवून तो गाडीतून उतरला आणि हेल्मेट हातात धरून गाडीशेजारी उभा राहिला. माणसं त्याला हला, हला म्हणून ओरडत होती, तरी हलेना. "उभा ऱ्हायला खुळ्यासारखा, माझ्याकडं बघत," उस्ताद म्हणाले. "मला वाटलं रडतोय." बाकीच्या दोघांचं मन होत नव्हतं त्याला काढायचं. ते म्हणाले, पोरगा तुमचा आहे, तुम्हीच सांगा. आणि आपल्या पोराची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून उस्तादांनी कडक तोंड केलं. गाड्या सारख्या, वेळ जास्त लागला, म्हणजे फरक माणसाचा. "पाय कच्चा हाय," ते म्हणाले. एवढ्यावर त्याचं नाव गेलं.

दुपारी तीच गाडी दुसऱ्या एका पोराला दिली. तोही मागं पडला. गाडी आत आली तेव्हा मिस्त्रींनी मागच्या एका चाकावर पाणी ओतलं आणि वाफ उठली. भाकरी भाजायचा तवा पाण्यात बुडवावा तशी. ब्रेक चिकटला होता, सकाळपासून. नुसता जवळ हात नेला असता तरी धग लागली असती.

"मग उठलात का नाही?" मी विचारलं.

"तेवढ्यात चहा आला," उस्ताद म्हणाले.

मी त्यांच्याशी त्या आधी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटलं, तुम्ही त्याला गाडीत, परतीच्या प्रवासात, कधीही सांगू शकला असता. उलट मी एसटीत विचारलं तेव्हा खिडकीबाहेर बघत बसलात. तो पोरगा तुमच्या शब्दावर बैलगाडीसारखी जीप चालवतोय. त्याला सांगा.

"काय सांगू? वय तर गेलं."

"तरी सांगा."

"सांगन," ते म्हणाले. पण रविवारमागून रविवार गेले. ते जीपमध्ये बसायचे, उतरायचे, चाकांना हात लावायचे, आणि घरी यायचे. सोमवारी मी तोंडाकडे पाहिलं की मान हलवायचे. हळूहळू मी विचारणं सोडलं. त्यांचे गुडघेही गेले होते एव्हाना. चाकांपाशी वाकले की उठताना दाराला धरायला लागायचं.

मग कळलं की दिनेशच्या मामानं जीप विकायला काढलीय. कल्याणच्या एका टूरवाल्यानं दिनेशला नवीन गाडी द्यायची तयारी दाखवली होती, लांबच्या फेऱ्या, चांगला पगार. तो नाही म्हणाला. भिवंडीकडच्या गोदामात माल उतरवायच्या कामावर त्यानं नाव दिलं होतं. ही बातमी मी उस्तादांना सांगितली तेव्हा ते शेंग सोलत होते. ती तशीच खाली ठेवली.

"रविवारी तू चल माझ्यासंगं," ते म्हणाले. "मी एकट्यानं नाय बोलनार."

आम्ही गेलो. मुरबाडच्या स्टँडवर दिनेश जीप धूत होता. म्हणाला, आज वैशाखऱ्याची फेरी नाय, गाडी शहापूरलाच द्यायची हाय, घेनारा तिथला. चला, तुमाला सोडतो. उस्ताद म्हणाले, थांब जरा. टपरीच्या बाकावर बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. कोट, खुर्ची, वाफ, चहा, काहीच गाळलं नाही. मी अधूनमधून दिनेशकडे बघत होते. तो फडकं पिळत उभा होता. पिळून पिळून त्यात पाणी राहिलं नव्हतं.

"ब्रेक लागत व्हता, ते मला कळलं व्हतं उस्ताद," तो शेवटी म्हणाला. "दुसऱ्याच वळनाला. मिस्त्रीला बोल्लो पन. तो बोल्ला, सब गाडी सेम है."

"मग मला का नाय बोल्लास?"

"तुमाला काय बोलायचं? तुमी उतराल, हात लावाल, तुमालाच कळंल. म्हनून तर थांबलो ना मी गाडीपाशी. ते हाकलत व्हते तरी थांबलो." त्यानं फडकं जीपच्या बॉनेटवर टाकलं. "तुमी आलात नाय. मग वाटलं, उस्ताद उतरले नाय म्हंजे गाडी बरी असंल. माझ्याच पायाला भास झाला."

टपरीवाला चहा घेऊन आला, त्याला मीच परत पाठवलं.

जीपमध्ये उस्ताद पुढं बसले, मी मागं. दिनेश चढला, किल्ली फिरवली, मग काय वाटलं त्याला, वाकून उजव्या पायातला बूट काढला आणि सीटखाली सरकवला. सरळगाव मागं गेलं, किन्हवली गेलं. माझं स्वतःचं गाव ते, पण त्या दिवशी ते कधी आलं आणि कधी गेलं मला कळलं नाही. तो जोरात चालला होता असं म्हणवत नाही. टायर वाजत नव्हते, धूळ उडत नव्हती. धरणाच्या रस्त्यावर चालवायचा तसंच चालवत होता, आणि इतकी वर्षं ते त्याच्या पायात होतं तसंच राहिलं होतं. मला रडू आलं. मागं कुणी नव्हतं, म्हणून रडून घेतलं.

शहापूरला जीप घेणारा माणूस आमच्या शाळेच्या दारात उभाच होता. दिनेश उतरला आणि गाडीला न टेकता, हात खाली सोडून, तिच्या शेजारी उभा राहिला. घेणारा किल्ली मागत होता, तरी त्यानं दिली नाही. तो उस्तादांकडे बघत होता.

उस्ताद उतरले. दाराला धरून वाकले. पहिल्या चाकाला हात लावला, मग दुसऱ्या, मग तसेच जीप धरत धरत पलीकडे गेले. बाजारातले चार-दोन लोक थांबून बघायला लागले. चौथ्या चाकाशी येईपर्यंत गुडघे दुमडले आणि ते रस्त्यातच खाली बसले, हात चाकावर ठेवून.

"सारखी," ते म्हणाले. मग म्हणाले, "पक्का हाय रे पाय तुजा. पयल्यापासनं."

"बरं," दिनेश म्हणाला. किल्ली त्यानं घेणाऱ्याच्या हातात दिली. सीटखालचा बूट काढून पायात घातला, नाडी बांधली. "पन आता काय करू मी त्याचं?"

त्यानं ते रागानं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. भिवंडीच्या गाडीची वेळ झाली होती, त्यामुळे उत्तरासाठी तो थांबला नाही. घेणाऱ्यानं जीप सुरू केली, तरी उस्ताद चाकावरचा हात काढेनात, आणि त्यांना रस्त्यातून उठवायला शेवटी मलाच जावं लागलं.